नदीखालची नदी



व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून काहींना प्रयागच्या गुप्त सरस्वतीची आठवण झाली असेल. त्या नदीविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. मी ज्या नदीविषयी बोलणार आहे ती फार लहान आहे. तिची खोली दोन बोटांपासून जवळजवळ वीतभर. ती प्रत्येक वाळूच्या ओढ्याखाली असते आणि आपण तिच्यावर उभे राहून कपडे धुतो, गुरे धुतो, पण तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. रसायनशास्त्राच्या लोकांचेही अगदी अलीकडेपर्यंत गेले नव्हते.

तरीही आपल्या बायाबापड्यांना तिची ओळख आहेच. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत हातभर खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. पहिले गढूळ पाणी उपसून टाकले की थोड्या वेळाने त्यात नितळ पाणी भरते. वरचा प्रवाह थांबला तरी वाळूतला थांबलेला नसतो. भर पावसाळ्यातही तो असतो, आणि तेव्हा तर तो वरच्या प्रवाहाशी सारखी देवघेव करीत असतो. तळावर वाळूची एखादी उंचवटी असली की प्रवाहाच्या बाजूचे पाणी तिच्यात शिरते आणि पलीकडच्या अंगाने वर येते. म्हणजे आपण ज्याला ओढ्याचे पाणी म्हणतो ते सगळे वेळ वरून वाहत नाही, वाटेत ते अनेकदा वाळूत बुडी मारून बाहेर पडते. रुमानियाचे शास्त्रज्ञ त्रायान ओर्गिदान ह्यांनी १९५९ साली ह्या थराला नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'प्रवाहाखालचा' एवढाच आहे. ओर्गिदान जीवशास्त्रज्ञ होते, त्यांचे लक्ष त्या वाळूत राहणाऱ्या बारीक जीवांकडे होते. ह्या थरात जे रासायनिक काम चालते त्याचे मोजमाप व्हायला पुढे तीस-चाळीस वर्षे जावी लागली, आणि ते मोजमाप झाले एका बिघडलेल्या ओढ्यावर. त्या ओढ्याची हकीकत मी सांगणार आहे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ग्लोब नावाचे गाव आहे. उन्हाळी, रुक्ष मुलूख. पाऊस थोडा. तिथे आधी चांदी आणि मग तांबे सापडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून तांब्याच्या मोठ्या खाणी चालू झाल्या. ह्या खोऱ्यातून पायनल नावाचा ओढा उत्तरेला जातो आणि सॉल्ट नदीला मिळतो. ती नदी पुढे रूझवेल्ट धरणाच्या जलाशयात जाते. हे धरण १९११ साली पुरे झाले, आणि फीनिक्स शहराच्या परिसराला पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेचा ते मोठा आधार आहे. तेव्हा लहानशा ओढ्यात काय वाहते हा प्रश्न केवळ त्या खोऱ्यातल्या लोकांपुरता उरत नाही.

खाणीमुळे पाणी कसे बिघडते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे जादूसारखे वाटेल. तांब्याची बरीच खनिजे गंधकाशी जोडलेली असतात. आपल्या वैद्यांचे सुवर्णमाक्षिक हे त्यांतलेच एक, त्यात तांबे, लोखंड आणि गंधक एकत्र असतात. ही खनिजे जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर असतात तोवर शांत असतात. खाणीने ती वर आणली, फोडली, त्यांची पूड केली, तांबे काढून घेतले आणि उरलेली पूड टेकाडासारखी रचून ठेवली, की हवा आणि पाणी तिच्यात शिरतात. गंधकाचे गंधकाम्ल होते. लोखंड आणि गंधक ह्यांवरच जगणारे सूक्ष्मजंतू ह्या कामाला कितीतरी पटींनी वेग देतात. ह्या आम्लात धातू विरघळतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात.

विरघळतात म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना सांगावे लागणार नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. ताकाच्या आंबटपणाने भांड्याचे तांबे ताकात उतरते. तुम्ही ते ताक चौपदरी फडक्याने गाळा, तांबे फडक्यावर राहणार नाही. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले किंवा तुरटी फिरवली तर माती खाली बसते, कारण माती पाण्यात तरंगत असते, विरघळलेली नसते. विरघळलेला धातू पाण्याशी एकजीव झालेला असतो. खाणीचे पुष्कळसे वाईट पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, आणि त्यात खरा धोका आहे. नदी लाल झाली की वर्तमानपत्रांत बातमी येते. स्वच्छ नदीची बातमी कोण देणार?

पायनलच्या खोऱ्यात अशा आम्लयुक्त पाण्याचे एक मोठे तळेच साठले होते. त्याला वेब्स्टर लेक म्हणत. सरकारी आदेशानंतर ते १९८८ साली रिकामे करण्यात आले. पण तोपर्यंत तळ्याचे पाणी खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात मुरून गेले होते, आणि भूमिगत पाण्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे सरकले होते. तळे रिकामे करता आले, जमीन थोडीच रिकामी करता येते?

आता ह्या भूमिगत प्रवासात एक चमत्कारिक गोष्ट घडते. जमिनीत चुनखडीचा अंश असतो, तो आम्लाला मारतो. आम्ल कमी झाले की धातू एकेक करून खाली बसू लागतात, पण सगळे एकाच वेळी नाही. हवा लागून तांबूस झालेले लोखंड आधी बसते, मग ॲल्युमिनियम, मग तांबे. जस्त, निकेल आणि कोबाल्ट चिवट असतात, आणि मँगेनीज सर्वांत चिवट. आणखी एक गंमत अशी की, हे मँगेनीज सगळेच खाणीतून आलेले नसते. जमिनीच्या थरांत आधीपासून मँगेनीजचे काळे ऑक्साइड असते. आम्लयुक्त पाण्यातले विरघळलेले लोखंड त्याला भेटले की त्यातला प्राणवायू लोखंड घेते आणि स्वतः घट्ट होऊन बसते, आणि मँगेनीज मोकळे होऊन पाण्यात उतरते. एकाने जागा धरली, दुसऱ्याला घराबाहेर काढले. अशा रीतीने लोखंडाचे पाणी पुढे जाता जाता मँगेनीजचे पाणी बनते.

ओढ्याच्या शेवटच्या भागात जमिनीखालच्या खडकामुळे हे पाणी वर यायला भाग पडते. म्हणून एरवी कोरड्या असणाऱ्या त्या मुलखात सुमारे ७ किलोमीटर ओढा वाहता दिसतो. वर आल्यावर त्याला मोकळी हवा लागते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे त्यातला कर्बाम्लवायू निघून जातो, आणि उरलासुरला आंबटपणाही ओसरतो. प्राणवायू मिळतो. मँगेनीज बसायला आता हरकत नसावी असे वाटेल. पण मँगेनीजचा स्वभाव असा की, प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात, ओढ्याच्या पाण्याइतक्याच आंबटपणात, नुसत्या प्राणवायूच्या भरवशावर त्याला सोडले तर त्याचे ऑक्साइड व्हायला वर्षे लागतील. ओढ्याचे पाणी ७ किलोमीटर जायला काही तास लागतात. ह्या हिशेबाने सगळे मँगेनीज सरळ सॉल्ट नदीत जायला हवे.

ते तसे जात नव्हते. ओढ्यातले वाळूचे कण काळे पडत होते.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातले जडसन हार्वे आणि क्रिस्टोफर फुलर ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात ह्या काळ्या वाळूचा पिच्छा पुरवला. त्यांची पद्धत मला फार आवडते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. अडचण अशी होती की, वरच्या पाण्यात मँगेनीज कमी झाले म्हणजे ते वाळूने घेतले असे सिद्ध होत नाही. कदाचित कमी मँगेनीजचे दुसरे पाणी येऊन मिसळले असेल. आपल्याकडे गवळ्याचे दूध पातळ झाले तर गाईने पातळ दूध दिले की वाटेत विहीर लागली, असा प्रश्न असतो, तसाच हा. तेव्हा त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक निरुपद्रवी, वाळूला न चिकटणारे लवण ठरावीक मापाने पाण्यात सोडले. ह्या लवणावर कुठलीही क्रिया होत नाही. पाणी जाईल तिथे ते जाते, एवढेच त्याचे काम. मग तळाच्या वाळूत निरनिराळ्या खोलीवर बारीक नळ्या रोवल्या, आणि थर ढवळला जाणार नाही इतक्या हळू, थोडे थोडे पाणी ओढून घेतले. एखाद्या खोलीवर लवण किती पोचले ह्यावरून कळते की तिथले किती पाणी वरच्या ओढ्याचे आहे आणि किती खालून येणाऱ्या भूमिगत पाण्याचे. दोघांतले मँगेनीज माहीत असले की मिश्रणात किती असायला हवे हे त्रैराशिकाने निघते. प्रत्यक्षात त्याहून कमी सापडले तर ती तूट वाळूची.

तूट सापडली. पाणी तळाच्या वाळूत ४ ते १७ सेंटिमीटर खोल जाऊन ३ ते १२ मिनिटांत बाहेर येत होते. मँगेनीज बसण्याच्या क्रियेचा काळ मात्र सुमारे १.३ तास निघाला, म्हणजे वाळूत पाणी इतका वेळ राहिले तर त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश मँगेनीज बसेल. ७८ मिनिटांचे काम आणि हाताशी सरासरी ८ मिनिटे. एका बुडीत मँगेनीज शेकडा नऊच्या आसपास कमी होते, तेवढेच होणार. पण पाणी एकच बुडी मारीत नाही. सुमारे १.३ किलोमीटर अंतर जाईपर्यंत ओढ्याचे सगळे पाणी एकदा वाळूतून जाऊन आलेले असते, आणि ओढा ७ किलोमीटर लांब आहे. आता कुणी पाच बुड्यांचा गुणाकार करू लागेल, तर तसे चालायचे नाही, कारण खालून नवे मँगेनीजयुक्त पाणी वाटेत सारखे भर घालीत असते. ह्या सगळ्यांचा मेळ घालून १९९८ साली हार्वे आणि फुलर ह्यांनी आकडा दिला. खोऱ्याबाहेर जाणाऱ्या विरघळलेल्या मँगेनीजपैकी सुमारे २० टक्के ही वीतभर वाळू काढून घेत होती.

वीस टक्के ऐकून निराश होऊ नका. कुठलीही मोटर नाही, चुना नाही, नोकर नाही.

वर्षांचे काम तासांवर कसे आले? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी ओढ्यातली वाळू प्रयोगशाळेत आणली. काही बाटल्यांत ती तशीच ठेवली, काहींत विष घालून तिच्यातले जंतू मारले. जिवंत वाळूने मँगेनीज अधिक झपाट्याने घेतले. म्हणजे ह्या कामात जंतूंचा हात आहे हे उघड झाले. आपल्या चहाच्या कपात मावेल एवढ्या वाळूच्या कणांचे पृष्ठभाग मांडले तर केवढा विस्तार होईल ह्याचा विचार करा. त्या सगळ्यांवर जंतूंचे पापुद्रे असतात. वाळू म्हणजे ह्या जंतूंची चाळ, आणि ओढा त्यांना दारात अन्नपाणी आणून देतो. शिवाय जे काळे ऑक्साइड एकदा बसले त्याच्या पृष्ठभागावर पुढचे अधिक सुलभतेने बसते. विरजण लावल्यावर दूध दह्याकडे जाते तसा काहीसा हा प्रकार आहे.

हे काळे ऑक्साइड तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. विजेरीचा जुना सेल मुलांनी फोडला की त्यांच्या बोटांना जी काळी पूड लागते तिच्यात तेच असते. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचे मँगेनीज डायॉक्साइड सेलच्या कारखान्यांना जाते. खाणीतून खणून काढलेल्या त्या वस्तूचा भाऊबंद पायनलच्या ओढ्यात जंतू घडवीत होते, कणाकणावर, केसाहून बारीक थरांत.

पण खरी मौज पुढे आहे. मँगेनीज हा तसा धातूंपैकी मवाळ. पाण्याला चव येते, कपड्यांवर डाग पडतात, जास्त प्रमाणात ते शरीराला अपायही करते. परंतु माशांना आणि जलचरांना जस्त, निकेल, कोबाल्ट ह्यांचा जाच अधिक. हे धातू स्वतः होऊन बसायला तयार नसतात, त्यांना ओढून बसवावे लागते. ताज्या मँगेनीज ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि विरघळलेल्या ह्या धातूंवर धन भार. ते त्याला चिकटतात. कोबाल्टच्या बाबतीत तर ऑक्साइड आणखी पुढे जाते. ते कोबाल्टचे रूपच पालटून त्याला आपल्या घडणीत पक्के बसवून टाकते. फुलर आणि हार्वे ह्यांनी २००० साली २९ ठिकाणांची मोजमापे प्रसिद्ध केली. वाळूच्या थरात शिरणाऱ्या कोबाल्टपैकी सरासरी ५२ टक्के, जस्तापैकी ३६, निकेलपैकी २७ आणि मँगेनीजपैकी २२ टक्के तिथेच राहत होते. ह्या सरासऱ्या आहेत. ठिकाणाठिकाणांत फार तफावत होती, आणि ते त्यांनी लपवले नाही. पूर्ण ७ किलोमीटरांचा हिशेब घेतला तर धातूधातूप्रमाणे १२ पासून ६८ टक्क्यांपर्यंत भार कमी होत होता. ज्या वाळूत आधीचे ऑक्साइड अधिक, ती अधिक धातू धरते, हेही प्रयोगशाळेत दिसले. म्हणजे मँगेनीजचे प्रदूषण हेच बाकीच्या धातूंवरचे औषध तयार करीत होते. काट्याने काटा काढतात, तो इथे ओढाच काढीत होता.

असे ऐकले की खाणमालकाला आनंद होतो. नदी आपली आपण शुद्ध होते, मग आम्ही खर्च का करावा? हा युक्तिवाद जगभर केला जातो, म्हणून त्याची दुसरी बाजू मांडल्यावाचून मला बसता येणार नाही.

पहिली गोष्ट, सगळ्याच ओढ्यांना हे जमत नाही. कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल गावाजवळ सेंट केव्हिन गल्च नावाचा डोंगरी ओढा आहे. त्यातही खाणीचे पाणी येते, पण ते इतके आंबट की तिथे मँगेनीजचे ऑक्साइड टिकायचे नाही. तळावर लोखंडाचा तांबूस थर तेवढा बसतो. आणि तोही इमानी नाही. मॅक्नाइट, किंबॉल आणि बेनकाला ह्यांनी १९८८ साली दाखवले की, दिवसा सूर्यप्रकाशाने ह्या थरातले लोखंड पुन्हा विरघळते. रात्री बसलेले दुपारी उठते. कुणी सकाळी नमुना घेतला आणि कुणी दुपारी, तर दोघांचे अहवाल एकमेकांशी भांडतील, आणि दोघेही खरे असतील. पाण्याच्या तपासणीचे कागद ज्यांच्या हाती येतात त्यांनी नमुना किती वाजता घेतला हे विचारायला हरकत नाही.

दुसरे असे की, ह्या कारखान्याला वाळू मोकळी लागते. कणांमधल्या फटी बारीक मातीने बुजल्या की पाणी आत शिरतच नाही आणि मग आतले जंतू असून नसल्यासारखे. गोव्यातले लोखंडाचे खनिज मुख्यतः ऑक्साइड आहे, गंधकाचे नव्हे. म्हणून पायनलसारख्या आम्लाची भीती तिथे तितकी नाही. तिथला रोग लाल गाळाचा. पण खाणीच्या टेकाडांवरून पावसात येणारा तो बारीक गाळ नेमक्या ह्या फटी बुजवतो. आणि आपल्याकडे नदीतली वाळूच उपसून ट्रकांतून नेतात. त्या वाळूची किंमत आपण ब्रासावर लावतो. तिच्या ह्या दुसऱ्या कामाची किंमत कुणी लावल्याचे मी ऐकले नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाळूने धातू धरला म्हणजे तो नाहीसा झाला नाही. धातू जळत नाही, कुजत नाही. त्याने केवळ मुक्काम बदललेला असतो. पूर आला की काळी वाळू उठून खाली जाते. आणि जिथे ती जाऊन गाळाखाली पुरली जाते, तिथे प्राणवायू संपतो. मग हीच क्रिया उलटी चालते. प्राणवायू नसलेल्या गाळात जे जंतू राहतात ते श्वासासाठी ऑक्साइडमधला प्राणवायू वापरतात, ऑक्साइड विरघळते, आणि त्याने धरून ठेवलेले सगळे मोकळे होते.

हे मी पुस्तकी भीती म्हणून सांगत नाही. माँटाना राज्यात ब्यूट आणि ॲनाकोंडा इथे तांब्याच्या प्रचंड खाणी आणि भट्ट्या होत्या. तिथून क्लार्क फोर्क नदी वाहते. खाली मिलटाउन इथे, ब्लॅकफूट नदीच्या संगमाशी, विजेसाठी धरण बांधले. ते १९०८ च्या आरंभी पुरे झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात महापूर आला. पुराने खाणींची पूड कित्येक कोस वाहून आणली आणि नव्या कोऱ्या धरणामागे साठवली. पुढे सत्तर वर्षे गाळ साचत गेला. धरणाखालच्या लोकांचे, वरवर पाहता, त्यात भलेच होते, कारण धातू भिंतीमागे अडकले होते. १९८१ साली मिलटाउनच्या विहिरींत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, सापडला. जलाशयाच्या तळाशी, प्राणवायूवाचून, गाळाने धरलेला सोमल सुटून जमिनीतून विहिरींकडे चालला होता. गावाला पिण्याच्या पाण्याची दुसरी व्यवस्था करावी लागली. १९९६ च्या फेब्रुवारीत नदीवरचा बर्फ फुटून लोंढे धरणाकडे येऊ लागले. धरण वाचवण्यासाठी जलाशयाची पातळी घाईने उतरवली, तेव्हा गाळ खरवडला जाऊन तांबे खाली गेले आणि मासे मेले.

त्यानंतर धरण ठेवावे की काढावे ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. ठेवावे म्हणणाऱ्यांचेही चुकत नव्हते. गाळ हलवला तर तो खाली जाईल, आहे तिथे तो निदान आहे, असे ते म्हणत. काढावे म्हणणारे विहिरींकडे आणि पुढच्या पुराकडे बोट दाखवीत. माझ्या मते दुसऱ्यांचे बरोबर होते. गाळावर विश्वास ठेवायचा तर तो पाण्याच्या, हवेच्या आणि पुराच्या एका विशिष्ट स्थितीवर विश्वास ठेवणे असते, आणि ती स्थिती शंभर वर्षे कोण सांभाळणार? शेवटी २००८ च्या मार्च महिन्यात धरण फोडून नदी मोकळी केली. धरणामागे सुमारे ६६ लाख घनयार्ड गाळ होता. त्यातला सर्वांत विषारी, सुमारे २२ लाख घनयार्ड, आधी नदीला बाजूच्या नव्या पात्रात घालून कोरडा केला आणि खणून काढला. तो आगगाडीच्या वाघिणींत भरून शंभराहून अधिक किलोमीटर वर, ॲनाकोंडाच्या भट्टीजवळच्या ऑपॉर्च्युनिटी ह्या वस्तीलगत, जुन्या खाण-पुडीच्या मैदानावर नेऊन टाकला. पुराने १९०८ साली जिकडून ती पूड आणली होती, तिकडेच ती रेल्वेने परत गेली. त्या वस्तीतल्या लोकांना हा पाहुणा नको होता, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले.